अर्थतज्ज्ञ आणि बाकीचे लोक: मतांतलं अंतर मोजायचं कसं

गोठवलेली घरभाडी, कांद्याची निर्यातबंदी, रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर), ऐन पावसात वाढवलेली ताडपत्रीची किंमत. या विषयांवर अर्थशास्त्राचे प्राध्यापक एक सांगतात, आणि लोकलमध्ये किंवा बाजार समितीच्या आवारात दुसरंच ऐकू येतं. हे अंतर खरोखर आहे का, किती आहे आणि कशामुळे आहे, हे महाविद्यालयाच्या पातळीवर नीट मोजता येतं. पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट, आठ आठवडे आणि झेरॉक्स, प्रवास, खेळांची बक्षिसं धरून दहा-बारा हजार रुपये एवढ्यात काम होतं. फील्ड प्रोजेक्टसाठी हा विषय उत्तम आहे, कारण तुलना करायला बाहेरचं भक्कम काम उपलब्ध आहे.

असे प्रकल्प बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. अंतर सापडतं आणि अहवालात लगेच लिहिलं जातं की लोकांना अर्थशास्त्र कळत नाही. पण अंतर चार कारणांनी पडू शकतं: माहिती कमी असणं, हितसंबंध वेगळे असणं, न्याय-अन्यायाची कल्पना वेगळी असणं, आणि दोघांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या अर्थाने ऐकणं. ही चार कारणं वेगळी काढता येतील अशी मांडणी पहिल्या दिवसापासून केली नाही, तर शेवटी हातात नुसता टक्केवारीचा तक्ता उरतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आधी काय मोजलं गेलंय

प्रश्नावली लिहिण्याआधी चार-पाच अभ्यास माहीत हवेत, कारण तुमची मांडणी त्यांच्यावरच उभी राहणार आहे.

अमेरिकेत १९९६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट', कैसर फॅमिली फाउंडेशन आणि हार्वर्ड विद्यापीठ यांनी मिळून १,५१० सामान्य नागरिक आणि २५० डॉक्टरेटधारक अर्थतज्ज्ञ यांना तेच प्रश्न विचारले. अर्थव्यवस्था आणखी चांगली का चालत नाही याची संभाव्य कारणं वाचून दाखवायची, आणि प्रत्येक कारण मोठं, छोटं की कारणच नाही ते विचारायचं, अशी साधी पद्धत होती. परदेशांना दिली जाणारी मदत, स्थलांतरित, कंपन्यांचा नफा अशा मुद्द्यांवर अंतर प्रचंड निघालं. अर्थतज्ज्ञ ब्रायन कॅप्लान यांनी पुढे याच आकड्यांमधून उत्पन्न, शिक्षण, नोकरीची शाश्वती, राजकीय कल यांचा परिणाम वजा करून पाहिला, तरी अंतराचा मोठा भाग तसाच राहिला.

२०१३ मध्ये पाओला सपिएन्झा आणि लुईजी झिंगालेस यांनी शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञ-पॅनेलची उत्तरं सामान्य अमेरिकनांच्या उत्तरांशी ताडली. सरासरी अंतर सुमारे ३५ टक्केबिंदूंचं (म्हणजे दोन टक्केवाऱ्यांमधला सरळ फरक ३५ चा) निघालं. त्यातली दोन निरीक्षणं तुमच्या कामाची आहेत. ज्या प्रश्नांवर अर्थतज्ज्ञांचं आपसात सर्वांत जास्त एकमत, तिथेच लोकांशी अंतर सर्वांत मोठं. आणि तज्ज्ञांचं मत काय आहे हे सांगितल्यावरही लोक फारसे हलत नाहीत.

वागणुकीवरचं काम आणखी जुनं आहे. त्याकडे पुढे येऊ.

भारतात एका विषयाची तुलना तर आयतीच मिळते. रिझर्व्ह बँक कुटुंबांच्या महागाईविषयक अपेक्षांचं सर्वेक्षण करते. त्यातल्या शहरांमध्ये मुंबई आणि नागपूर आहेत. त्यासोबत व्यावसायिक अंदाजकर्त्यांचं वेगळं सर्वेक्षणही प्रसिद्ध होतं. दोन्ही पतधोरणाच्या सुमारास बँकेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. कुटुंबांनी सांगितलेली महागाई अधिकृत दरापेक्षा वर्षानुवर्षं काही टक्क्यांनी वरच असते. हे दोन्ही उतरवून घ्या आणि गेल्या पाच वर्षांचे आकडे एका आलेखावर काढा. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच ठेवा.

गट तीन लागतात, दोन नाही

अर्थतज्ज्ञ आणि सामान्य लोक असे दोनच गट घेतले, तर जे अंतर दिसेल त्यात पगाराचं, पदवीचं, शहराचं आणि पुरुषांच्या जास्त संख्येचंही अंतर मिसळलेलं असेल. म्हणून मधे तिसरा गट घाला: इतर विषयांचे प्राध्यापक. मराठी, इतिहास, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र काहीही चालेल. त्यांचं शिक्षण आणि पगार अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांइतकाच, फरक फक्त विषयाचा. लोक आणि हा गट यांच्यातलं अंतर बऱ्याच अंशी शिक्षण-उत्पन्नाचं मानता येतं, आणि हा गट व अर्थतज्ज्ञ यांच्यातलं अंतर विषयाचं. कॅप्लान यांनी जे गणिताने केलं, ते तुम्ही मांडणीने करता.

अर्थतज्ज्ञ कोणाला म्हणायचं हे लिहून ठेवा आणि नंतर बदलू नका. आमची शिफारस अशी: अर्थशास्त्रात एमए किंवा पीएचडी, आणि सध्या अर्थशास्त्र शिकवणारी किंवा अर्थविषयक संशोधन करणारी व्यक्ती. वाणिज्य शाखेचे अकाउंट्सचे प्राध्यापक, सीए, बँक मॅनेजर, शेअर बाजाराचे सल्लागार यात घेऊ नका. त्यांची मतं महत्त्वाची आहेत, पण हा गट मिसळला की निकाल कशाचा हे सांगता येत नाही.

संख्या: ४० अर्थतज्ज्ञ, ८० इतर प्राध्यापक, २०० सामान्य नागरिक. चाळीस अर्थतज्ज्ञ एका शहरात मिळत नाहीत. जिल्ह्यातली महाविद्यालयं, विद्यापीठाचा विभाग आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेशी जोडलेले प्राध्यापक यांना फोन करून वेळ घ्यावी लागते. ईमेलवर फॉर्म पाठवून बसलात तर फार थोडी उत्तरं येतात, आणि तीही ठाम मतं असलेल्यांची. फोनवर १५ मिनिटं मागा, मिळतात.

या संख्यांमध्ये किती अंतर ओळखता येईल? दोन्ही टक्केवाऱ्या पन्नासच्या आसपास असतील, तर ४० आणि २०० यांच्या तुलनेत साधारण १७ टक्केबिंदूंपेक्षा कमी फरक योगायोगाचाही असू शकतो. ४० आणि ८० यांच्या तुलनेत ही मर्यादा १९ वर जाते. अमेरिकेतल्या ३५ च्या अंतराएवढं काही असेल तर या नमुन्यात नक्की दिसेल. १५ चं अंतर खात्रीने पकडायचं असेल, तर प्रत्येक गटात १७० च्या आसपास लोक लागतील. तेवढं जमत नसेल, तर छोट्या फरकांवर अहवालात एक ओळही लिहू नका.

प्रश्न कसे लिहायचे

सगळी मेहनत इथे आहे. प्रश्न दहाच ठेवा, पण प्रत्येक प्रश्न दहा वेळा घासा.

पहिला नियम: "काय होईल" आणि "काय करावं" हे कधीही एका वाक्यात घालू नका. कांद्याचं उदाहरण घ्या. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवली. "कांद्याची निर्यातबंदी योग्य होती का?" या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. ते असे सोडवा:

"निर्यातबंदी असताना देशातल्या बाजारात कांद्याचा भाव, बंदी नसती तर राहिला असता त्यापेक्षा कमी राहतो." सहमत की असहमत?

"निर्यातबंदीमुळे ग्राहकांचा जेवढा फायदा होतो, त्यापेक्षा शेतकऱ्यांचं आणि व्यापाराचं नुकसान जास्त होतं." सहमत की असहमत?

"भाव फार चढले की सरकारने निर्यात थांबवावी." सहमत की असहमत?

पहिल्यावर अर्थतज्ज्ञ आणि लोक जवळपास एकत्र येतील आणि तिसऱ्यावर फाकतील, असं झालं तर तुमच्या हाती मौल्यवान गोष्ट आली: इथे माहितीचा प्रश्न नाही, कोणाचं नुकसान जास्त मोलाचं मानायचं याचा आहे. पहिल्यावरच अंतर पडलं, तर बाजार कसा चालतो याची दोघांची समजूतच वेगळी आहे. एकत्र विचारलेल्या प्रश्नातून हे कधीच कळत नाही. शिवाय सामान्य लोक हा काही एकसंध गट नाही. लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यातला कांदा उत्पादक आणि दादरचा ग्राहक यांची उत्तरं एकमेकांच्या उलट असू शकतात, आणि दोघांची सरासरी काढली की ती कोणाचीच नसते. म्हणून घरात कोणी कांदा पिकवतं का, हे शेवटी विचारलंच पाहिजे.

भाड्याच्या घरांचा प्रश्न मुंबईत खास धारदार होतो. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडंच इतकं कमी की अनेक चाळींत दुरुस्तीचा खर्चही त्यातून निघत नाही. शिकागोच्या पॅनेलला २०१२ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या भाडेमर्यादेबद्दल विचारलं होतं: परवडणाऱ्या घरांची संख्या आणि दर्जा यांवर तिचा चांगला परिणाम झाला का? ८१ टक्के असहमत, २ टक्के सहमत. तुमचा प्रश्न असा ठेवा: "भाडी कायद्याने गोठवल्यामुळे मुंबईत भाड्याने मिळणारी परवडणारी घरं वाढली." आणि स्वतंत्रपणे: "पागडीच्या घरात आज राहणाऱ्यांना बाजारभावाने भाडं लावणं योग्य ठरेल." पहिल्या विधानाला असहमत असलेला अर्थतज्ज्ञसुद्धा दुसऱ्यावर अडखळू शकतो. तो अडखळला तर तेही नोंदवा.

व्याजदर. "रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवला, बाकी सगळं आहे तसंच राहिलं, तर पुढच्या वर्षभरात महागाई वाढेल, कमी होईल, की तेवढीच राहील?" अमेरिकेत तज्ज्ञ आणि कुटुंबं यांना असेच प्रश्न विचारले गेले, तेव्हा तज्ज्ञांनी महागाई उतरेल असं सांगितलं आणि कुटुंबांपैकी अनेकांनी वाढेल असं. कुटुंबांच्या उत्तरामागे तर्क आहे: कर्ज महागलं की दुकानदाराचा खर्च वाढतो आणि तो तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. तज्ज्ञ मागणीकडे बघतात: हप्ते वाढले की लोक खरेदी लांबणीवर टाकतात. त्यामुळे या प्रश्नाखाली "असं का वाटतं?" आणि तीन रिकाम्या ओळी ठेवायलाच हव्यात. उत्तर शब्दशः उतरवा. "खर्च वाढेल", "मागणी घटेल" असे गट नंतर घरी पाडा.

महागाईची पातळी विचारताना "महागाई कमी झाली का?" असं कधीही विचारू नका. अर्थतज्ज्ञ ते वाढीच्या वेगाबद्दल ऐकतो, बाकीचे भाव उतरले का असं ऐकतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि तुमचा आकडा निरुपयोगी. त्याऐवजी: "गेल्या वर्षी याच महिन्यात घरातला जो सगळा खर्च १०० रुपयांत भागत होता, त्याला आज किती रुपये लागतात?" उत्तर १२५ आलं तर २५ टक्के. लगेच पुढचा प्रश्न: "हे सांगताना तुमच्या डोळ्यांसमोर कुठल्या तीन वस्तू होत्या?" दूध, तेल, भाजी, गॅस, शाळेची फी असं येतं. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. म्हणजे निम्म्याहून अधिक टोपली खाण्यापिण्याच्या बाहेरची. रोज विकत घेतलेली वस्तू लक्षात राहते, चार वर्षांतून घेतलेला मोबाइल राहत नाही. उरलेल्या अंतराचा बराच भाग तुम्हाला या तीन वस्तूंमध्ये सापडेल.

न्यायाच्या कल्पनेसाठी एक जुना प्रश्न मराठीत आणण्यासारखा आहे. कानमन, नेच आणि थेलर यांनी १९८६ च्या निबंधात विचारलं होतं: दुकानदार १५ डॉलरला बर्फ काढायचं फावडं विकतोय, मोठ्या हिमवादळानंतरच्या सकाळी तो किंमत २० डॉलर करतो. कॅनडातल्या ८२ टक्के लोकांनी हे अन्यायाचं मानलं. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मात्र ही सरळ भाववाढ: ज्याला फावड्याची खरी निकड त्यालाच ते मिळतं आणि पुरवठाही लवकर येतो. आपल्याकडे बर्फ नको. "दुकानदार ३०० रुपयांना ताडपत्री विकतोय; अतिवृष्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याने ४०० केली" असं लिहा, म्हणजे वाढीचं प्रमाण तेच राहतं. पर्याय: पूर्ण योग्य, चालण्यासारखं, अन्याय, घोर अन्याय. कोकणात किंवा कोल्हापूर-सांगलीत, जिथे पूर घरात शिरलाय, तिथे हा प्रश्न विचारताना जपून. तिथे तो काल्पनिक राहत नाही.

उत्तरांची पट्टी पाच पायऱ्यांची ठेवा आणि शेजारी "माहीत नाही"ची वेगळी चौकट. "सांगता येत नाही" हे मधलं मत आणि "माहीत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागोच्या पॅनेलप्रमाणे प्रत्येक उत्तरानंतर १ ते १० मध्ये खात्री किती तेही विचारा. त्याने फॉर्म लांबतो, पण अंतर ठाम लोकांमध्ये आहे की अंदाजाने टिक केलेल्यांमध्ये, हे यातूनच कळतं.

आणखी एक खोड ठाऊक हवी: घरी आलेल्या विद्यार्थ्याचं मन मोडू नये म्हणून लोक "हो, बरोबर आहे" म्हणत जातात. यासाठी फॉर्मचे अ आणि ब असे दोन प्रकार करा. निम्म्या विधानांची दिशा ब फॉर्ममध्ये उलटी: "घरं वाढली"च्या जागी "घरं कमी झाली". दोन्ही फॉर्म आळीपाळीने वापरा. एकाच माणसाने दोन्हींना हो म्हटलं असतं, अशी शंका दोन फॉर्मच्या सरासरीतून लगेच दिसते.

प्रश्न पक्के करण्यापूर्वी दहा जणांवर वापरून पाहा, त्यांत किमान तीन जण दहावीपर्यंत शिकलेले असोत. उत्तर घेऊ नका. प्रश्न वाचून "मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा" एवढंच म्हणा. "निर्यात शुल्क" म्हणजे शेतकऱ्याला मिळणारे पैसे असा अर्थ कोणी सांगितला, तर तो प्रश्न गेला.

क्रम: आधी अर्थतज्ज्ञ, मग लोक

चाळीस अर्थतज्ज्ञांची उत्तरं पहिल्या तीन आठवड्यांत गोळा करा. कारण लोकांच्या २०० पैकी निम्म्यांना तुम्ही एक जास्तीचं वाक्य सांगणार आहात: "आम्ही विचारलेल्या ४० अर्थतज्ज्ञांपैकी इतक्या जणांनी याला असहमती दाखवली." मग तोच प्रश्न. उरलेल्या शंभरांना हे वाक्य नाही. कोणाला सांगायचं हे नाणं टाकून किंवा आधीच बनवलेल्या चिठ्ठ्यांवरून ठरवा. विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडलं की सुशिक्षित दिसणाऱ्यालाच ते वाक्य ऐकवलं जातं. आकडा खराच हवा, म्हणूनच क्रम असा. शंभर-शंभरच्या तुलनेत साधारण १४ टक्केबिंदूंच्या आतला बदल धरू नका.

लोक निवडताना व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म फिरवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. त्यातून तुमच्या वर्गमित्रांचे नातेवाईक मिळतात. त्याऐवजी मतदारयादी घ्या. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती मतदान केंद्रानिहाय मिळते. दहा केंद्रं निवडा, शहरातली आणि ग्रामीण मिसळून. प्रत्येकातून २० नावं. यादीत १,००० नावं असतील तर १,००० भागिले २०, म्हणजे दर पन्नासावं नाव, आणि सुरुवात १ ते ५० मधल्या चिठ्ठीने. माणूस घरी नसेल तर दोनदा परत जा, एकदा संध्याकाळी सहानंतर, एकदा रविवारी. तिसऱ्यांदा नाही मिळाला तर यादीतलं पुढचं नाव. दुपारी गेलात तर गृहिणी आणि निवृत्त लोकच भेटतील. आणि ज्याचं नाव निवडलंय त्याच्याकडूनच उत्तर घ्या. वहिनींचं नाव असताना दादा दारात येऊन "मीच सांगतो, तिला काय कळणार" म्हणतील. हे इतकं हमखास घडतं की त्याचं नम्र उत्तर विद्यार्थ्यांकडून आधी घोकून घ्यावं लागतं.

नाव-पत्ता फॉर्मवर लिहू नका. अनुक्रमांक पुरतो. निवडलेल्या नावांची यादी काम संपल्यावर नष्ट करा.

वागणूक मोजायची असेल तर

मतं सोपी, वागणूक कठीण, आणि इथेच चुकीचे दावे जास्त झाले आहेत. १९८१ मध्ये मारवेल आणि एम्स यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखवलं की सामायिक निधीच्या खेळात (नियम पुढे दिले आहेत) अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या वाट्यातले सरासरी २० टक्केच टाकतात, बाकीचे ४९ टक्के. १९९३ च्या फ्रँक, गिलोविच आणि रीगन यांच्या पाहणीत वर्षभरात काहीच दान न केलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचं प्रमाण ९.३ टक्के आलं, इतर विद्याशाखांमध्ये १ ते ४ टक्क्यांच्या आसपास. अर्थतज्ज्ञ स्वार्थी असतात हे वाक्य इथून पसरलं. पण १९९६ मध्ये येझर आणि सहकाऱ्यांनी वर्गांत रोख १० डॉलर असलेली पत्राची पाकिटं मुद्दाम टाकून ठेवली, तेव्हा अर्थशास्त्राच्या वर्गांतून ५६ टक्के परत आली आणि इतर वर्गांतून ३१ टक्के. खेळात दिसलेला माणूस आणि वर्गात पाकीट सापडलेला माणूस एकसारखा वागेलच असं नाही.

तुम्ही सामायिक निधीचा खेळ खेळवा. चौघांचा गट, कोणालाही आपल्या गटात कोण आहे हे कळू द्यायचं नाही. प्रत्येकाला २० कुपनं, एका कुपनाचे २ रुपये. प्रत्येक जण एका पाकिटात हवी तेवढी कुपनं निधीसाठी घालतो, उरलेली स्वतःकडे ठेवतो. निधीत जमलेली कुपनं दुप्पट करून चौघांत समान वाटायची. म्हणजे निधीत टाकलेल्या एका कुपनातून टाकणाऱ्याला अर्धंच परत मिळतं, पण गटाला दोन मिळतात. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकी ८० रुपये. एकाने काहीच न टाकता इतर तिघांनी सगळं टाकलं तर त्या एकाला १०० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ६०. कोणीच न टाकल्यास प्रत्येकी ४०. हे तिन्ही आकडे फळ्यावर लिहून दाखवा आणि समजलं की नाही याचे दोन छोटे प्रश्न आधी सोडवून घ्या, नाहीतर न कळल्यामुळे टाकलेली कुपनं उदारपणात मोजली जातात. ४० विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त ३,२०० रुपये लागतात. पैसे खरे द्या, त्याच दिवशी, बंद पाकिटात.

खेळ कोणासोबत खेळवता यावर सगळं अवलंबून आहे. फक्त तिसऱ्या वर्षाचे अर्थशास्त्राचे आणि मराठीचे विद्यार्थी घेतले, तर फरक शिकण्यामुळे पडला की मुळात तसेच विद्यार्थी या विषयाकडे येतात, हे कधीच कळणार नाही. कार्टर आणि आयरन्स यांना १९९१ मध्ये असं आढळलं की फरक पहिल्या वर्षीच दिसतो. झुरिक विद्यापीठात फ्राय आणि मायर यांनी विद्यार्थी दर सत्राला दोन सामाजिक निधींना देतात त्या छोट्या रकमांच्या खऱ्या नोंदी तपासल्या; तिथेही शिक्षणापेक्षा निवडीचं पारडं जड निघालं. फ्रँक यांच्या गटाने मात्र कॉर्नेलमध्ये एकाच अभ्यासक्रमाचे दोन वर्ग पाहिले, एक खेळ-सिद्धांताच्या (समोरचा काय करेल हे धरून निर्णय कसा घ्यावा याच्या अभ्यासाच्या) तज्ज्ञाचा आणि एक विकासाच्या अर्थशास्त्रज्ञाचा, सोबत खगोलशास्त्राचा वर्ग तुलनेसाठी. त्यांना शिकवण्याचाही परिणाम दिसला. म्हणून तुमचे गट चार हवेत: अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष (तासिका सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात), अर्थशास्त्राचं तिसरं वर्ष, आणि दुसऱ्या एका विषयाची हीच दोन वर्षं. मुली-मुलांचं प्रमाण चारही गटांत जवळपास सारखं ठेवा.

तिसऱ्या वर्षाला नुकताच खेळ-सिद्धांत शिकवला असेल तर महिनाभर थांबा. मुलं परीक्षेचं "बरोबर" उत्तर लिहून दाखवतात आणि ते स्वार्थ म्हणून मोजलं जातं. खेळ घेणारे शिक्षक त्यांना गुण देणारे नसावेत.

पाकिटं टाकून ठेवण्याचा प्रयोग मात्र करू नका. न सांगता माणसाची परीक्षा घेणं याला संस्थेची परवानगी लागते, आणि पाकीट उचलणारा सफाई कामगार निघाला तर संशयाचा त्रास त्याला होतो.

तक्ता आणि अहवाल

एक्सेलमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ. अ आणि ब फॉर्मची दिशा आधी एकसारखी करून घ्या. ही पायरी विसरणं ही सर्वांत महागडी चूक आहे, आणि अंतर शून्याजवळ आलं की पहिला संशय तिच्यावरच घ्या. प्रत्येक प्रश्नाला तिन्ही गटांची सहमतीची टक्केवारी, "माहीत नाही"ची वेगळी टक्केवारी, आणि फक्त ७ किंवा त्याहून जास्त खात्री असलेल्यांची टक्केवारी. त्यानंतर हितसंबंध: पागडीचे भाडेकरू, घरमालक, कांदा उत्पादक, गृहकर्ज असलेले यांना काढून तोच तक्ता परत. अंतर आकसलं तर तेवढा भाग हिताचा होता. दहा केंद्रांतून प्रत्येकी २० जण घेतल्यामुळे खरी चूक-मर्यादा वर दिलेल्या आकड्यांपेक्षा थोडी मोठीच असते, हेही लिहा.

अंतराचा अर्थ लावताना सपिएन्झा-झिंगालेस यांचं एक उदाहरण समोर ठेवा. प्रदूषण कमी करण्यासाठी गाड्यांवर मानकं लादण्यापेक्षा कार्बन कर स्वस्त पडेल, असं नव्वद टक्क्यांहून जास्त तज्ज्ञ म्हणाले. लोकांमध्ये हे प्रमाण चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. तज्ज्ञांनी मनात धरलं होतं की कराचा पैसा सरकार इतर कर कमी करून लोकांना परत देईल. लोकांनी ते धरलं नव्हतं, कारण त्यांचा सरकारवर तेवढा भरवसा नाही. हे अज्ञान नाही; हा सरकार कसं वागतं याबद्दलचा वेगळा अंदाज आहे, आणि त्यात तज्ज्ञच भाबडे असू शकतात. म्हणून जिथे अंतर २५ च्या वर गेलंय अशा दोन-तीन प्रश्नांसाठी वीस लोकांकडे परत जा आणि अट उघड करून विचारा: "समजा सरकारने हे पैसे ठरल्याप्रमाणे खरंच परत दिले, तर?" परत कोणाकडे जायचं ते पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. उत्तर बदलत असेल तर अंतर विश्वासाचं होतं. बदलत नसेल, तरच समजुतीच्या फरकाबद्दल बोला.

अहवालात "लोक चुकीचे आहेत" हे वाक्य फक्त एका ठिकाणी लिहिता येतं: जिथे प्रश्न "काय होईल" असा होता, उत्तर पडताळता येण्याजोगं होतं, तिन्ही गटांनी प्रश्न एकाच अर्थाने ऐकल्याची खात्री झाली होती आणि अट उघड केल्यावरही उत्तर बदललं नाही. तसंच "अर्थतज्ज्ञ असं म्हणतात" असं लिहिताना कोणते, किती आणि किती एकमताने, हे सोबत द्या. चाळीसपैकी बावीस सहमत असतील तर ते एकमत नाही, आणि शिकागोच्या पॅनेलचं मत हे महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांचं मत नाही. ज्या प्रश्नांवर अंतर सापडलं नाही तेही छापा, त्याच तक्त्यात, त्याच अक्षरात. प्रश्नावलीचे दोन्ही प्रकार आणि नावं नसलेली एक्सेल फाइल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करा. पुढच्या वर्षीच्या गटाला दुसऱ्या तालुक्यात हेच प्रश्न विचारता आले तर दोन्ही वर्षांचे आकडे एकत्र ठेवता येतील.